अंगावर काढलेल्या वाटा

यावल-रावेर पट्ट्यातला कष्टकरी माणूस कमरेने आणि गुडघ्यांनी लवकर जेरीस येतो. केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत वाहायचे, वाकून पील कापायचे, ओल्या सरीत तासन्‌तास उभे राहायचे. मग एखाद्या सकाळी उसण भरते आणि सरळ उभे राहता येत नाही. गोळ्या, मलम, पट्टा, मालिश असे सगळे करून झाले की कुणीतरी सुचवते, सुया लावून बघ. अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात पाळीची वाट बघत बसले की समोरच्या भिंतीवर हटकून एक तक्ता दिसतो. उघड्या अंगाचा माणूस समोरून, पाठीकडून आणि बाजूने उभा आहे. डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लाल, निळ्या, हिरव्या रेषा गेल्या आहेत. रेषांवर बारीक ठिपके, ठिपक्यांशेजारी चिनी अक्षरे. विचारले तर उत्तर बहुधा ठरलेले असते: हे पाच हजार वर्षांपूर्वीचे शास्त्र आहे, या रेषांतून शरीराची ऊर्जा वाहते, ती अडली की दुखते, सुईने मोकळी केली की दुखणे थांबते.

या उत्तरातले काय टिकते आणि काय टिकत नाही, याचा हा आढावा आहे. गेल्या पन्नास वर्षांत चीनच्या जमिनीखालून निघालेल्या वस्तूंनी तक्त्याचा इतिहास बदलून टाकला, आणि त्याच काळात मोठ्या चाचण्यांनी सुईचा प्रश्न वेगळ्या दिशेने तपासला. माझे मत आधीच सांगतो. शरीराचा नकाशा म्हणून हा तक्ता टिकत नाही. पण दोन हजार वर्षे माणसांनी दुसऱ्याच्या दुखण्यावर हाताने जे केले त्याची नोंद म्हणून तो अमोल आहे, आणि अशी नोंद झाली म्हणूनच आज तिच्याशी वाद घालता येतो.

सुरुवात १९७३ पासून करायला हवी. त्या वर्षी हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे तिसऱ्या क्रमांकाची कबर उघडली गेली. ती इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेली होती. आत रेशमावर लिहिलेले ग्रंथ होते आणि त्यांत शरीरातल्या वाहिन्यांवरचे मजकूर होते. तोपर्यंत अभ्यासकांमध्ये एक समजूत रूढ होती: आधी अनुभवाने अंगावरचे एकेक उपयोगी ठिकाण सापडले असेल, पुढे ती ठिकाणे जोडून रेषा झाल्या असतील. मावांगदुईने ही समजूत उलटी केली. तिथे वाहिन्या आहेत, पण बिंदू नाहीत. वाहिन्या बारा नाहीत, अकरा आहेत. एका मजकुरात त्या सगळ्या हातापायांच्या टोकांकडून धडाकडे येतात. एकीतून दुसरीत असे फिरणे त्यांत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुईचा उल्लेखच नाही. उपचार डाग देण्याचा आहे. अमुक वाहिनीची अमुक दुखणी, आणि त्यांवर त्याच वाहिनीला चटका, एवढेच सांगितले आहे. म्हणजे या विद्येच्या मुळाशी आग आहे, सुई नंतर आली.

चिनी वैद्य चटक्यासाठी जी वनस्पती वाळवून, कुटून, कापसासारखी मऊ करून जाळतात ती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे. जोतिबाला आणि खंडोबाला वाहिला जाणारा दवणा ज्याने हातात घेतला आहे त्याला तो वास थोडाफार कल्पता येईल.

मावांगदुईनंतर आणखी दोन वस्तू निघाल्या. १९९३ मध्ये सिचुआन प्रांतात म्येनयांग येथे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या कबरीत लाकडावर काळी लाख चढवलेली, साधारण २८ सेंटिमीटर उंचीची माणसाची आकृती सापडली. तिच्या अंगावर लाल रेषा आहेत, बिंदू नाहीत, आणि त्या रेषा कुठल्याही ज्ञात ग्रंथाशी तंतोतंत जुळत नाहीत. मग २०१२-१३ मध्ये चेंगदूजवळच्या लाओग्वानशान येथे आणखी एक लाखेची आकृती निघाली, जेमतेम वीतभरही नाही, साधारण १४ सेंटिमीटरची. तिच्यावर रेषा आहेत आणि शंभराहून अधिक बिंदूही आहेत. दोन्ही आकृत्या एकाच प्रांतातल्या आणि जवळपास एकाच काळातल्या, तरी त्यांचे एकमेकींशी जमत नाही. जिथे आपण एक प्राचीन, अखंड शास्त्र शोधायला जातो तिथे निरनिराळ्या गुरूंच्या निरनिराळ्या परंपरा सापडतात. त्यांत स्पर्धा होती, हे या रेषांवरूनच कळते. मला हे पाच हजार वर्षांच्या कथेपेक्षा किती तरी जिवंत वाटते.

या परंपरांना एकत्र बांधण्याचे काम ‘ह्वांगदी नेइजिंग’ या संग्रहाने केले. त्यातले बहुतेक मजकूर इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आगेमागे जुळवले गेले असे मानतात. त्याच्या ‘लिंगशू’ या भागात अकराच्या बारा वाहिन्या झाल्या आणि त्या एकमेकींना जोडून एक अखंड फेरा तयार झाला. हा बदल शरीर उघडून पाहिल्यामुळे झाला नाही. साम्राज्य एक झाले होते, नद्या, कालवे आणि कोठारे एका कारभाराखाली आली होती, आणि वैद्यकाने तोच आराखडा अंगावर उतरवला. लिंगशूचा एक अख्खा अध्याय बारा वाहिन्यांची देशातल्या बारा जलप्रवाहांशी जोडी लावतो. धुळे जिल्ह्यात पांझरेवरची फड पद्धत ज्याने पाहिली आहे त्याला ही कल्पना लगेच उमजेल: बंधाऱ्यावरून पाट, पाटातून चारी, चारीतून प्रत्येक फडाला पाळीने पाणी, मध्येच गाळ साचला की खालचे शेत सुकते आणि वरचे तुंबते. चिनी वैद्य ज्याला ‘ची’ म्हणत त्याचे अडणे आणि साचणे हे नेमके असेच वर्णिलेले आहे. रोगाचा विचार करायला ही रीत फार कामाची होती. फक्त ती पाण्याच्या कारभारावरून घेतलेली आहे, हे विसरून चालत नाही.

त्या लोकांना शरीराच्या आतले माहीत नव्हते, असे समजणे मात्र चूक ठरेल. जलप्रवाहांच्या त्याच अध्यायात जिवंत माणसाचे माप बाहेरून घेता येते आणि मेल्यावर शरीर कापून पाहता येते असे लिहिले आहे. इसवी सन १६ मध्ये वांग मांग या सम्राटाच्या हुकमाने एका बंडखोराचे शव उघडले गेले आणि नळ्यांमध्ये बांबूच्या बारीक काड्या घालून त्या कुठून कुठे जातात ते पाहिले गेले, अशी दरबारी इतिहासात नोंद आहे. पुढे सोंग राजवटीत, १०४५ च्या सुमारास, मृत्युदंड दिलेल्या बंडखोरांची शरीरे उघडून चित्रकारांकडून आतड्या-काळजाची चित्रे काढून घेतली गेली. वाहिन्यांचे तक्ते त्या चित्रांशेजारी वेगळेच राहिले. दोहोंची कामे वेगळी होती. एक आत काय आहे ते दाखवत होते, दुसरे बाहेरून हात कुठे ठेवायचा ते.

हात कुठे ठेवायचा हे सांगणाऱ्या बिंदूंची संख्याही फार बोलकी आहे. नेइजिंग सांगते की बिंदू ३६५ आहेत. वर्षाचे दिवस तेवढे, म्हणून अंगावरची ठिकाणेही तेवढी. प्रत्यक्षात त्या ग्रंथात नावानिशी सापडतात ते सुमारे १६०. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याच्या ग्रंथात ती संख्या ३४९ झाली. सोंग काळात ३५४. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ३६१, आणि आजच्या तक्त्यावरचा आकडाही बहुधा तोच. पिढ्यान्‌पिढ्या वैद्य त्या ३६५ कडे चढत राहिले. यात लबाडी नव्हती. प्रत्येक पिढीने आपल्या अनुभवातली ठिकाणे प्रामाणिकपणे जोडली, पण किती असायला हवीत हे आकाशाने आधीच ठरवून ठेवले होते.

आता चित्रांकडे येऊ. सातव्या शतकातला थोर वैद्य सुन सिमियाओ याने समोरून, मागून आणि बाजूने असे तीन तक्ते काढवले आणि बारा वाहिन्यांना निरनिराळे रंग दिले, असे त्याच्याच लेखनावरून कळते. दवाखान्याच्या भिंतीवरची तीन माणसे आणि त्यांच्या अंगावरचे रंग ही त्याची देणगी म्हणता येईल, जरी त्याचे मूळ तक्ते कधीच नाहीसे झाले. हाती उरलेले सर्वांत जुने तक्ते वायव्य चीनमधल्या तुनह्वांग येथल्या, सुमारे नऊशे वर्षे चिणून बंद असलेल्या गुहेतले. ऑरेल स्टाइन १९०७ मध्ये तिथून हजारो हस्तलिखिते घेऊन गेला, त्यांत हे होते. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कागदावर जाड रेघांनी काढलेली उघडी माणसे, आणि अंगाच्या एकेका ठिकाणापासून बाहेर ओढलेल्या रेषेच्या टोकाशी त्या ठिकाणाचे नाव आणि कुठल्या दुखण्याला किती वेळा डाग द्यायचा याची सूचना. वाहिन्यांचा रंगीत पसारा तिथे नाही. खेड्यातल्या वैद्याने खिशात ठेवावे असे ते कागद आहेत. यावल एकेकाळी हातकागदासाठी ओळखले जाई. कागद करण्याची ती कला मुळात चीनची, मध्य आशियातून फिरत आपल्याकडे आलेली. तिच्यासोबत हे तक्ते मात्र आले नाहीत.

हस्तलिखितांचा एक दोष असा, की नक्कल करताना ठिपका बोटभर सरकतो आणि दहाव्या नकलेत मांडीवरचा बिंदू गुडघ्याला येतो. सोंग दरबाराने यावर जो उपाय काढला तो या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. दरबारी वैद्य वांग वेइयी याने १०२६ मध्ये सगळे ग्रंथ ताडून एक प्रमाण पुस्तक केले, ते दगडावर कोरवले, आणि १०२७ मध्ये पुरुषभर उंचीच्या काशाच्या दोन मूर्ती ओतून घेतल्या. त्यांच्या अंगावर ३५४ बिंदूंची छिद्रे होती. त्यांतले ५१ बिंदू मधल्या रेषेवरचे एकेरी आणि ३०३ डाव्या-उजव्या जोडीचे, म्हणून छिद्रे ६५७. पुढच्या काळातला एक वृत्तांत सांगतो की परीक्षेच्या वेळी मूर्तीवर मेण चढवत आणि आत पाणी भरत. विद्यार्थ्याची सुई अचूक लागली तरच पाणी बाहेर येई. बाराव्या शतकात उत्तरेकडच्या जुर्चेनांनी राजधानी कायफंग घेतली आणि मूर्तींची ताटातूट झाली. १४४३ मध्ये मिंग सम्राटाने नवी मूर्ती ओतवली. तीच आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असलेली मूर्ती होय, असे अनेक अभ्यासक मानतात. कोरलेल्या दगडांचे तुकडे बीजिंगच्या जुन्या तटाच्या पायात सापडले. १३४१ मध्ये ह्वा शौ याने बारा वाहिन्यांना छातीपोटाच्या आणि पाठीच्या मधल्या दोन रेषा जोडून चौदा केल्या. आजचे बहुतेक तक्ते त्याच चौदांचे.

युरोपात ही चित्रे सतराव्या शतकात पोहोचली. डच कंपनीचा डॉक्टर टेन ऱ्हायने नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर दोन वर्षे होता. त्याने १६८३ मध्ये लॅटिनमध्ये छापलेल्या पुस्तकात सुईच्या उपचाराबरोबर तक्तेही दिले. खुद्द चीनमध्ये मात्र सुईचे दिवस फिरत होते. १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतला सुईचा विभागच बंद केला. गावोगावी ती चालू राहिली, पण शिकलेल्या वैद्यांत तिची पत उरली नाही.

आपल्या भिंतीवरचा तक्ता खऱ्या अर्थाने जन्मला तो १९३० च्या दशकात. चंग दानआन (१८९९–१९५७) नावाच्या वैद्याने पाश्चात्त्य शरीररचनेची पुस्तके समोर ठेवून प्रत्येक बिंदू पुन्हा बसवला. ज्या ठिकाणी सुई मोठ्या रक्तवाहिनीत जाईल तिथून त्याने बिंदू बाजूला घेतले. जुन्या जाड, रक्त काढण्याच्या सुया मागे पडल्या आणि केसासारखी बारीक सुई आली. त्याने जिवंत माणसांच्या अंगावर रेषा रंगवून छायाचित्रेही काढवली. रेषांमधून वाहणाऱ्याला ‘ऊर्जा’ हे विजेच्या युगातले नाव मिळाले तेही याच सुमारास, फ्रान्समधल्या लेखकांकडून. साम्यवादी राजवटीत १९५० च्या दशकात या सगळ्याची पाठ्यपुस्तके झाली, आणि ती जगभर गेली. इतिहासकार ब्रिडी अँड्र्यूज यांनी हा बदल बारकाईने मांडला आहे. थोडक्यात, तक्त्यातले धागे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, पण वीण शंभर वर्षांचीही नाही.

इथे एक गल्लत दूर करायला हवी, कारण आपल्याकडे ती सर्रास होते. यात्रेत, बसस्थानकाबाहेर प्लॅस्टिकचे काटेरी रोलर विकतात, त्यांच्यासोबत तळपाय आणि तळहाताचे चित्र असते: अंगठ्यात मेंदू, मध्ये मूत्रपिंड, टाचेत गुडघा. या चित्राचा चिनी वाहिन्यांशी संबंध नाही. ते अमेरिकेतून आले. विल्यम फिट्झजेराल्ड या डॉक्टरने शरीराचे उभे पट्टे कल्पिले आणि युनिस इंगहॅम या बाईंनी १९३० च्या दशकात त्यावरून तळपायाचा तक्ता केला. कानावर उलटे अर्भक दाखवणारा तक्ता फ्रान्समधल्या पॉल नोजिए यांनी १९५७ मध्ये मांडला आणि तो पुढे चीननेही स्वीकारला. बोटांवर संपूर्ण शरीर बसवणारी सुजोक पद्धत कोरियातली, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. एकाच दुकानात ही सगळी चित्रे ‘प्राचीन चिनी’ म्हणून टांगलेली असतात, आणि गुडघेदुखीचा बिंदू त्या प्रत्येकात वेगळ्या जागी आहे. तीन नकाशे एकमेकांना छेदत असतील तर तिन्ही एकाच अर्थाने खरे असू शकत नाहीत, हे रुग्णाला कुणीतरी सांगायला हवे.

चीनमधून भारतात सुई आली त्या वाटेवर यावल तालुक्याचे एक गाव लागते. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनापर्यंत अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. याच मुदतीत, नोव्हेंबर १९३७ मध्ये, चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती झू द यांनी त्यांना पत्र लिहून जपानशी लढणाऱ्या सैन्यासाठी वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, मुंबईहून पाच डॉक्टरांचे पथक निघाले: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, कोलकात्याचे बिजयकुमार बसू आणि मुखर्जी. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे चीनमध्ये निधन झाले. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचे नाव घरोघरी नेले. कोटणीस शल्यचिकित्सक होते. रात्रंदिवस जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. सुई त्यांनी आणली असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. ती आणली बसूंनी. युद्धानंतर ते पुन्हा चीनला गेले, १९५८-५९ मध्ये रीतसर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी हा उपचार सुरू केला. भारतातल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या अनेक संस्थांना कोटणीसांचे नाव आहे ते या नात्याने. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये यासाठी कायदा केला, महाराष्ट्राने २०१५ मध्ये, आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली.

आपल्याकडे हे आधीपासूनच होते, चीनने आपल्याकडून नेले, असेही ऐकू येते. सुश्रुताची १०७ मर्मे यासाठी पुढे केली जातात. साम्य खरोखर आहे. सुश्रुत मर्माचे अंतर रुग्णाच्या स्वतःच्या बोटांनी मोजतो. चिनी वैद्यही रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने मोजतो. पण मर्म म्हणजे जिथे घाव बसला तर माणूस मरतो, लुळा होतो किंवा आयुष्यभर कळा सोसतो ते ठिकाण. शल्यवैद्याने शस्त्र चालवताना ते चुकवायचे. चिनी बिंदू नेमका सुई घालण्यासाठी सांगितला आहे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर ठिकाणे कुठे कुठे जुळतात, हेतू मात्र उलटे राहतात. इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या तर साधकाने आत अनुभवायच्या. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे वर्णन वाचून कुणी कंबरदुखीवर सुई लावत नाही. खरे नाते शोधायचे तर ते अग्निकर्मात आहे. सुश्रुताने डागण्याचे प्रकार सांगितले: वलय, बिंदू, विलेखा, प्रतिसारण. टाचदुखी, गुडघेदुखीवर आजचे आयुर्वेदिक वैद्य तापवलेली शलाका टेकवतात. मावांगदुईच्या रेशमी ग्रंथाशी आपले जुळते ते इथे.

ग्रंथाबाहेर तर आणखी जुळते. खानदेशात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बिब्ब्याचा चटका ठाऊक नाही असे जुने माणूस विरळा. तुंबडी लावणे, शिंग लावणे, जळवा लावणे, तापल्या लोखंडाने डाग देणे ही सगळी इथलीच. उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घेणारेही आहेत. यातले काही निरुपद्रवी, काही घातक. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला पोटावर चटके देण्याची ‘डंबा’ ही प्रथा बालकांच्या जिवावर बेतते. तिचे कुठल्याही परंपरेच्या नावाने समर्थन होऊ शकत नाही. पण सत्तरीतल्या एखाद्या डाग देणाऱ्या म्हातारीला विचारले तर ती कुठल्या दुखण्याला अंगावर कुठे, किती, हे क्षणात दाखवते. तो तक्ता तिच्या बोटांत असतो, कागदावर कधीच उतरलेला नाही.

आता सुईचा प्रश्न. तिचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर तक्त्यामुळे होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांना अलग करणारी मोठी चाचणी जर्मनीत झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत जुन्या कंबरदुखीचे ११६२ रुग्ण होते. एका गटाला तक्त्याप्रमाणे सुया, दुसऱ्याला तक्त्याबाहेरच्या ठिकाणी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधे, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी ठरलेल्या मापाइतका आराम पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के लोकांना पडला. हे तीन आकडे नीट वाचावेत. सुईने नेहमीच्या उपचारापेक्षा बरेच अधिक लोकांना बरे वाटले. ती तक्त्यावर लागली की तक्त्याबाहेर, याने जवळजवळ काही फरक पडला नाही. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा खऱ्या आणि खोट्या सुईत फरक आढळला, पण लहान. सुई लावणे आणि न लावणे यांतला फरक मात्र त्याहून मोठा होता.

याचा अर्थ सगळे मनाचे खेळ, असा काढणे घाईचे ठरेल. १९७० च्या दशकातच दिसून आले होते की सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते आणि त्यांना अडवणारे औषध दिले की आरामही कमी होतो. पण शरीराची ही प्रतिक्रिया बारीक जखमेला आहे. रेषेला ती ओळखत नाही. रेषा शोधण्याचे प्रयत्नही भरपूर झाले. कुणी कातडीचा विद्युतरोध मोजला. उत्तर कोरियाच्या किम बाँगहान यांनी १९६० च्या दशकात वाहिन्यांच्या प्रत्यक्ष नळ्या सापडल्याचे जाहीर केले. अमेरिकेत हेलन लँजव्हिन यांनी स्नायूंमधल्या पडद्यांशी बिंदूंचा संबंध जोडून पाहिला. हा विचार मला त्यातल्या त्यात सर्वांत सशक्त वाटतो. तरीही ज्यातून काही वाहते अशी चौदा मार्गांची व्यवस्था कुणालाही दाखवता आलेली नाही.

खुद्द तक्ता मानणाऱ्यांचेही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ ते २००६ या काळात चीन, जपान आणि कोरियाचे तज्ज्ञ एकत्र बसवले, तेव्हा ३६१ पैकी ९२ बिंदूंच्या जागेबद्दल तिघांत मतभेद होते. बैठकांवर बैठका घेऊन ते मिटवले गेले. सहा बिंदूंबद्दल शेवटपर्यंत जमले नाही, म्हणून त्यांच्या दोन-दोन जागा छापल्या. वांग वेइयीने काशाच्या मूर्तीने जो वाद संपवायचा ठरवला होता तो हजार वर्षांनी अजून चालू आहे. मला यात तक्त्याची मानहानी दिसत नाही. आपली जागा कुठली हे लिहून ठेवणाऱ्यालाच दुसऱ्याशी मतभेद मोजता येतो.

मग कंबर धरून बसलेल्या माणसाने काय करावे? जुनी कंबरदुखी, गुडघ्याची झीज, अर्धशिशी यांसाठी सुया लावून बघायला हरकत नाही, मात्र लावणारा नोंदणीकृत हवा. प्रत्येक वेळी नवी, पाकिटबंद सुई फोडली जाते का ते डोळ्यांनी पाहावे. छाती आणि खांद्याच्या भागात खोल गेलेली सुई फुप्फुसाला भोक पाडू शकते, म्हणून तिथे अनुभवी हातच हवा. वजन उतरत असेल, रात्री ताप येत असेल, पायातली शक्ती जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर आधी तपासणी. मणक्याचा क्षय आणि गाठ यांवर सुई चालत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग बरे करतो असे तक्ता दाखवून कुणी सांगत असेल तर तिथून उठावे.

मला आणखी एक काम दिसते, आणि ते डॉक्टरांचे नाही. जळगावच्या विद्यापीठात, फैजपूरच्या महाविद्यालयात, यावलच्या आश्रमशाळांत शिकणारी तडवी, पावरा, भिल मुले आहेत. त्यांच्या आज्या-आजोबांकडे बिब्बा, तुंबडी, डाग, चोळणे यांची जी माहिती आहे ती या पिढीबरोबर जाणार आहे. साध्या कागदावर माणसाची समोरून, पाठीकडून आणि बाजूने बाह्यरेषा काढून द्यावी आणि म्हाताऱ्यांना ठिपके लावायला सांगावे: कुठे, कशाने, कशासाठी, कुणाकडून शिकलात, कधी करू नये. त्यातले काय घातक आहे ते आरोग्य खात्याला नेमके गावानुसार कळेल. काय तपासण्याजोगे आहे ते वैद्यांना कळेल. तुनह्वांगच्या कागदांवरचा मजकूर अशाच कुणा गावच्या वैद्याने लिहून घेतला असणार. सुरुवात टाचदुखीपासून करावी, कारण त्या दुखण्याला बिब्बा कुठे टेकवायचा याबद्दल दोन गावांतल्या म्हाताऱ्यांचे मत सारखे निघते की नाही, हे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत कळू शकते.